नकाशात वाळलेली तिवरं

डिसेंबर 2022 मधला मंगळवार. ऐरोलीच्या ऑफिसात ठाणे खाडीच्या कांदळवनाचा बदल-नकाशा उघडला, तर खाडीचे दोन्ही काठ लालभडक, म्हणजे हिरवाई घटलेली. नोव्हेंबर 2021 ला तिवरांचा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक: निअर इन्फ्रारेड आणि लाल प्रकाशाच्या आकड्यांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज) 0.82 होता, यंदा 0.51. त्याच सकाळी ऐरोली पुलावरून येताना तिवरं हिरवीगार उभी होती. आणि नकाशा संध्याकाळी पाचला द्यायचा होता.

"सर, ओहोटीमुळे असेल का?" ज्युनियरने विचारलं. शंका रास्त होती. ही दृश्यं टिपणारा युरोपीय उपग्रह सेंटिनेल-2 आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. तेव्हा ओहोटी असली तर चिखल उघडा पडतो. पण त्याने काठ बदलतो, आतला गच्च पट्टा नाही. मग धुरकं? उपग्रह प्रकाशाचा प्रत्येक पट्टा, म्हणजे बँड, वेगळा मोजतो. धुरकं निळ्या बँडला जास्त उजळवतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडला जेमतेम. इथे सगळेच बँड सारखे वर चढलेले. म्हणजे घोळ खाडीत नव्हता, आकड्यांत होता.

अशा वेळी न बदलणारी जागा शोधायची, आणि त्यासाठी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यासारखं दुसरं काही नाही. मैलोन्मैल सपाट, गवताचं पातं नाही, रंग उजळ आणि वरची हवा कोरडी, त्यामुळे उपग्रहाला बराचसा जमिनीचाच प्रकाश मिळतो. आपल्याला जवळचं म्हणजे कच्छचं छोटं रण. इस्रोही आपले सेन्सर तिथे तपासते. पण नोव्हेंबरात तिथली माती ओलसर असते, ओली माती गडद दिसते, त्यात अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे लोक, मिठाची शेतं तयार करायला घेतात. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये कामाचं.

म्हणून अमेरिकेतल्या नेवाडातली रेलरोड व्हॅली घेतली. लँडसॅटसारखे उपग्रह वर्षानुवर्षं तिच्यावर पारखले जातात. तिथली उपकरणं आपोआप मोजणी करतात आणि आकाश निरभ्र असलं की सकाळी नऊ ते दुपारी तीन दर अर्ध्या तासाची नोंद रॅडकॅलनेटवर, म्हणजे अशा तपासणी-जागांच्या जाळ्यावर, मिळते. (पुढे 2023 मध्ये नासाच्या विनंतीवरून तिथली सुमारे 23,000 एकर जमीन लिथियमच्या खाणदाव्यांतून वगळली. नाहीतर दुकानातलं वजनच वितळवून विकल्यासारखं झालं असतं.) हिवाळ्यात तिथेही पाणी किंवा बर्फ साचू शकतं, म्हणून दोन्ही वर्षांची ऑक्टोबरमधली दृश्यं उतरवली.

लाल बँडचा आकडा (परावर्तित प्रकाशाचं प्रमाण गुणिले 10,000): 2021 ला साधारण 3700, 2022 ला 4700. जमिनीवरची नोंद 2021 च्या बाजूने. पण एका उजळ जागेवरून निदान होत नाही. सेन्सरची संवेदनशीलता 27 टक्क्यांनी वाढली असती तरी तळ्यावर हाच फरक दिसला असता. जोडीला काळी जागा लागते. कोकणाबाहेरच्या समुद्रात बँड 11 चा (शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा) आकडा जवळजवळ शून्य असतो. 2021 ला 20-30 होता, 2022 ला 1020-1030. गुणाकाराचा दोष असता तर 20 चे 25 झाले असते. इथे सरसकट हजाराची बेरीज होती.

मग लख्ख आठवलं. 25 जानेवारी 2022 पासून, प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेच्या पद्धतीची आवृत्ती) 04.00 पासून, युरोपीय अंतराळ संस्था प्रत्येक आकड्यात 1000 मिळवते. कारण चांगलं आहे: गडद पाण्यावर गोंगाटामुळे आकडा शून्याखाली जातो, पूर्वी तो तिथेच कापला जायचा. आमची जुनी स्क्रिप्ट मात्र नुसतं 10,000 ने भागत होती. तिवरांचे लाल 300 आणि निअर इन्फ्रारेड 3000 हे 1300 आणि 4000 झाले. वजाबाकी तीच, 2700. बेरीज मात्र 3300 ची 5300. झाला 0.82 चा 0.51.

दुरुस्ती एका ओळीची, पण दोन खाचा आहेत. शून्य म्हणजे माहितीच नाही, त्यातून 1000 वजा करायचे नाहीत. आणि तारखेवरून ठरवायचं नाही. पुढे जुनी दृश्यंही 05.00 ने पुन्हा प्रक्रिया होऊन आली, त्यांतही ही बेरीज आहे. फाइलच्या नावात एन (N) या अक्षरानंतर 0400 किंवा त्यापुढचा आकडा असेल तरच वजाबाकी. मेटाडेटातला (दृश्यासोबतच्या माहितीतला) ऑफसेट, म्हणजे मिळवलेला आकडा, वाचून घेतला तर उत्तमच.

पाचला वीस मिनिटं असताना नवा नकाशा आला. तिवरं 0.81 वर. घणसोलीच्या बाजूला दहा मीटर बाजूचे पाच पिक्सेल तेवढे लाल राहिले, म्हणजे 500 चौरस मीटर. ते मात्र जागेवर जाऊनच बघावे लागणार होते.