माळवद आणि कलादिग्दर्शक
नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शनासाठी चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००५ मध्ये त्यांनी कर्जतला स्वतःचा स्टुडिओ उभारला. मला मात्र त्यांचे मोठेपण ‘लगान’साठी भुजजवळ उभारलेल्या, १८९३ सालच्या गावात अधिक जाणवते, कारण ती घरे त्या मातीतूनच उगवल्यासारखी दिसतात. आमच्या मराठवाड्याच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. पडद्यावर इथल्या घरांवर सर्रास कौले चढवतात. धाराशिवकडच्या माझ्या आजोळी माळवद होते: लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडासाठी छतालाच ठेवलेला झरोका. पावसाळ्यापूर्वी आजोबा त्यावर नवी माती टाकत (आम्ही नातवंडे ती तुडवत असू). झरोक्यातून उतरणारा तो कवडसा कोणत्या वेळी कुठे पडतो, हे ठाऊक असलेला कलादिग्दर्शक मला अजून पाहायचा आहे.