“कॅन्सरची गोळी आहे ना ही?”

दुकानात लेट्रोझोलची चिठ्ठी आली की स्ट्रिप देतानाच मी सांगून टाकते: नेटवर नाव टाकाल तर स्तनाचा कॅन्सर दिसेल, घाबरायचं नाही. तरी अमळनेरच्या आमच्या मेडिकलवर ही गोळी परत येतेच. परवा पारोळ्याकडच्या एका सासूबाईंनी ती काउंटरवर आपटलीच. “ताई, मन्ही सूनले काय कॅन्सर शे का?” सून मागे ओढणीचं टोक पिळत उभी.

गोळी कॅन्सरचीच, पण तिथे ती पाळी गेलेल्या बायकांनी वर्षानुवर्षे रोज घ्यायची. पीसीओडीत, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याच्या त्रासात, मूल राहावं म्हणून ती साधारण पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाचच दिवस. तेवढ्यात ती इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन तयार होणं अडवते. मेंदूला वाटतं अंडाशय कामचुकारपणा करतंय, मग तो एफएसएच, म्हणजे बीज वाढवणारं हार्मोन, वाढवतो आणि अडकून पडलेल्यांतलं एखादं बीज मोठं होऊन फुटतं. तोवर गोळी अंगातून बरीचशी निघून गेलेली असते. याच कामाची जुनी गोळी क्लोमिफेन मात्र रेंगाळते, गर्भाशयाचं अस्तरही पातळ करू शकते.

२०११ साली सरकारने वंध्यत्वासाठी लेट्रोझोल बंद केली, कॅन्सरसाठी चालूच. म्हणजे गोळी रॅकवर, पण ‘त्या’ चिठ्ठीवर द्यायची नाही! भीती बाळाला व्यंग होण्याची. वास्तविक २००६ मध्येच कॅनडातल्या ९११ बाळांचा अभ्यास छापून आला होता. त्यात व्यंगाचं प्रमाण लेट्रोझोलला २.४ टक्के, क्लोमिफेनला ४.८. तरी बंदी उठायला २०१७ उजाडलं. मला याचा अजून राग येतो.

मधल्या काळात, २०१४ मध्ये, अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. पीसीओएसच्या (पीसीओडीचंच दुसरं नाव) ७५० बायका, कोणाला कोणती गोळी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, बाईलाही ठाऊक नाही नि डॉक्टरलाही नाही. पाच पाळ्यांपर्यंत उपचार. लेट्रोझोलवाल्या ३७४ पैकी १०३ जणींना मूल झालं, क्लोमिफेनवाल्या ३७६ पैकी ७२ जणींना. २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आता बीज फुटण्यासाठी आधी लेट्रोझोलच द्या म्हणतात.

हा १०३ चा आकडा मी सासूबाईंना मुद्दाम सांगितला. चौघींत एकीपेक्षा जरा जास्त, तेही पाच पाळ्या धरून. एक कोर्स झाला की लगेच पोरीला टोचून बोलायला लागतात ना, त्यांच्यासाठी.

“आणि पोराचा रिपोर्ट काढला का, मावशी?”

“त्याले काय धाड भरनी?”

“त्या अभ्यासात नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाल्याशिवाय बाईला घेतलंच नव्हतं.”

मावशी गप्प. सून मात्र पुढे आली. “ताई, हे तेवढं कागदावर लिहून द्या ना. घरी दाखवते.”

दिलं लिहून, बिलाच्या मागच्या बाजूला. खाली लॅबची वेळ टाकली आणि जायच्या आधी फोन कर म्हटलं, नमुना देण्याआधी दोन-तीन दिवस काय पाळायचं ते ते लोक सांगतात.