गोडं हाये रे, उठ!

आमच्या घरात दोन पाणी नांदतात, गोडं आणि खारं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा वाहते आणि तिच्या खोऱ्यात सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. इथं बोअर मारला की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात तुरीची दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाव्हण्याला चुकून त्याचा चहा दिला तर तो पुढच्या खेपेला शेजाऱ्याकडे उतरतो. प्यायचं पाणी येतं वान धरणावरून, नळाला, पाळीपाळीनं. ते टाकीत भरून ठेवायचं आणि पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचं. म्हणून घरात पाइपही दोन: एक बोअरचा, एक गोड्या पाण्याचा. घर बांधताना खोदाई वाचावी म्हणून दोन्ही एकाच चरात टाकले गेले, आणि तेव्हापासून ते मातीखाली एकमेकांना बिलगून आहेत.

त्यामुळे आंगणात ओल दिसली की आमच्याकडे पहिला प्रश्न ‘कुठून’ हा नसतो, ‘कोणतं’ हा असतो. आई ओलीत बोट बुडवते, जिभेच्या टोकाला लावते आणि निकाल देते. “खारंच हाये. राहू दे.” किंवा मग एकदम आवाज चढतो, “गोडं हाये रे, उठ!” आरोग्य खात्यातल्या कुणी हे पाहू नये एवढीच इच्छा. नालीजवळची ओल असेल तर तीही जिभेला लावत नाही. वाटीभर पाणी घेऊन त्यात साबणाचा तुकडा घोळवते. फेस आला की गोडं.

जीभ न लावताही पुष्कळ कळतं. खारं पाणी वाळलं की मागे पांढरी पूड राहते. भिंतीला लोणा चढतो, रंगाचे पोपडे सुटतात, नखानं खरवडलं की विटेचा भुगा हातात येतो. गोड्या ओलीनंही लोणा येतो म्हणा, पण गोड्याजवळ हिरवं उगवल्याशिवाय राहत नाही. आधी शेवाळ, मग हरळी, मग मुंग्या. मे महिन्यात आंगणाच्या एखाद्या कोपऱ्यात हरळी हिरवीगार दिसली तर कौतुक करत बसू नये, फावडं आणावं.

खरा घोळ काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून फाटते. भेग अशी की हात मनगटापर्यंत आत जावा. तिच्यात पुरलेला पाइप वर्षभर स्वस्थ बसू शकत नाही. वैशाखात माती त्याला ओढते, मृगात ढकलते, आणि जिथं सांधा कच्चा तिथून तो सुटतो. उन्हाळ्यात गळालेलं पाणी भेगांतून खाली उतरतं, वर तोंड दाखवतच नाही. पावसाळ्यात सगळंच ओलं, त्यात आपली ओल कोणती हे कसं ओळखावं? गळती शोधायला खरा मोसम हिवाळ्याचा. आणि हिवाळ्यात गावात खोदायला माणूस मिळत नाही, सगळे कापूस वेचायला.

तरी शोधायची एक रीत आहे. रात्री सगळ्या तोट्या बंद करायच्या, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खिळ्यानं ओरखडा मारायचा आणि सकाळी झाकण उघडून पाहायचं. पाणी ओरखड्याच्या खाली गेलं असेल तर कुठंतरी गळतंय. दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉकही बंद ठेवायचा. आता पाणी जागच्या जागी राहिलं तर टाकी निर्दोष, दोष पाइपात. मग एकेक फाटा बंद करत पुढे सरकायचं. रात्रीचा आणखी एक फायदा म्हणजे सामसूम. लांब पेचकसाचं टोक पाइपावर टेकवायचं आणि मूठ कानाशी लावायची. गळका पाइप आतल्या आत बारीक सुसकारे टाकत असतो, ते दांड्यातून कानात येतात. गल्लीतल्या कुत्र्यांनी सहकार्य केलं पाहिजे, एवढंच.

एवढं करूनही ओल दिसते तिथं पाइप फुटलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच. पाणी पाइपाच्या अंगानं, चराच्या उतारानं वाहत जातं आणि वाट मिळेल तिथं वर येतं. ओलीवरच सब्बल मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आमचा फिटर ओल बघतो आणि पाठ फिरवून दुसरीकडेच चालायला लागतो. “भाऊ, हे तं पानी निंगाची जागा हाये. फुटलं कुठी ते चढाकडं पाहा लागते.”

आता गळतं तर किती गळतं? बारीक धारेखाली लिटरचा लोटा ठेवला आणि तो दहा मिनिटांत भरला, तर दिवसाला 144 लिटर गेले. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशननं खेड्यात माणसामागे दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे त्या हिशेबानं ती धार अडीच माणसांचं पाणी पिऊन जाते. घरात अडीच माणसं वाढली, जेवायला तेवढी बसत नाहीत.

पण मला पाणी बाहेर जाण्यापेक्षा आत येण्याची भीती जास्त वाटते. नळ चोवीस तास चालत नाही. पाणी बंद झालं की गावातला पाइप रिकामा होऊ लागतो आणि रिकामा होताना आत ओढ तयार होते. भोकाजवळून नाली जात असेल तर पाइप नालीही ओढून घेतो. त्यात एखाद्या घरी नळाला मोटर लावून पाणी खेचत असतील तर विचारूच नका. पावसाळ्याच्या तोंडावर कुठं जुलाब, कावीळ निघाली की पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर पडते. पडावीच. पण पावडर टाकीत असते आणि भोक गल्लीत.

जुना लोखंडी पाइप आमच्याकडे मधोमध क्वचित फुटतो. तो आट्यांत सडतो. आटे पाडताना वरचा जस्ताचा थर कापला जातो, आणि खारं पाणी उघड्या लोखंडाची वाटच पाहत असतं. प्लास्टिकला गंज नाही, पण त्याचा वैरी ऊन. गच्चीवरून मोकळा सोडलेला पाइप काही उन्हाळ्यांत कडक होतो, मग शिडी टेकली तरी तडकतो. शिवाय तापला की लांबतो: दहा मीटरचा पाइप वीस अंशांनी तापला तर एक-दीड सेंटीमीटर. दुपारी लांबायचं आणि पहाटे आखडायचं, हे रोजचं. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर सगळा ताण एल्बोवर येतो, आणि एल्बो तो किती दिवस सोसणार?

फिटर म्हणजे आमच्या गावात नळ, मोटर, कूलर आणि लग्नातली लायटिंग अशी चार खाती सांभाळणारा एकच मंत्री. मिळाला तर नशीब. तोवरचा आधार सायकलची जुनी ट्यूब. तिची लांब पट्टी कापायची, ताणून ताणून अर्धी-अर्धी चढवत गुंडाळायची, वरून तार आवळायची. शहरातले पाव्हणे हसतात, पण कमी दाबाच्या लाइनीवर अशी ट्यूब अख्खा हंगाम काढते. आमच्या बोअरच्या लाइनीवर एक आहे आणि आईच्या मते आता ती कायमचीच.

गोड्या लाइनीला मात्र ट्यूब चालत नाही, तिथं मंत्रीच लागतात. आमची गोडी लाइन फुटली होती, तिच्यासाठी ते होळीच्या आसपास आले. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. पुरलेल्या पाइपात नवा तुकडा बसवायचा तर पाइप जरा वाकला पाहिजे, म्हणून भोकापुरतं न खणता दोन्ही बाजूंना हात-दीड हात मोकळं केलं. एक्सा ब्लेडनं सरळ काप घेतला, कापाची कुसळं चाकूनं तासली. टाकीचा कॉक बंद, तरी पाइपातून थेंब येतच होते, आणि ओल्यावर सोल्युशन धरत नाही. तेव्हा त्यानं पाव मागवला. मी चहाला पाणी चढवायला सांगणार, तोच त्यानं पावाचा मऊ गाभा मळून पाइपाच्या तोंडात कोंबला. थेंब थांबले. फडक्यानं कोरडं केलं, पाइपाला बाहेरून आणि सॉकेटला आतून सोल्युशन फिरवलं, सॉकेट ढकललं, थोडा पिळा दिला आणि दाबून धरलं. “सोडलं का मांगं येते, पाह्य,” म्हणत बोटं सैल केली. सॉकेट खरंच केसभर मागे आलं. पुन्हा दाबलं आणि या वेळी बोलणं बंद ठेवून धरून राहिला.

“पानी उद्या सकाळी सोडा.” म्हणजे रात्रभर गोडं पाणी माठात असेल तेवढंच. विदर्भाचा जावई नळराजा रिकाम्या घागरीकडे नुसता बघायचा आणि ती भरायची. वेश पालटून आला तरी दमयंतीला संशय आला तो असल्याच खुणांवरून. आम्ही दोघा-तिघांनी माठाकडे बघून पाहिलं. सकाळी पाणी सोडलं तेव्हा भिजून विरघळलेला पाव तोटीतून पहिल्या बादलीत आला, ती बादली कोंबड्यांना दिली.

फुटलं होतं न्हाणीच्या मागे. तिथं गेल्या पावसाळ्यापासून धोपा, म्हणजे अळू, माजला होता, एकेका पानावर माणूस जेवून उठेल असा. एवढे दिवस गळती लपली ती त्याच्याच खाली. सांधा जुळला आणि आठवडाभरात धोप्यानं माना टाकल्या. मग शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या वड्या आमच्या धोप्यावर चालतात.

“पाइप दुरुस्त केला म्हंते?”

“हो.”

“कायले?”

मी लोट्याचा आणि अडीच माणसांचा हिशेब सांगितला. काकूंनी तो ऐकून घेतला आणि आईकडे पाहिलं. आईनं तिथल्या तिथं ठरवलं की दाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आता धोप्याकडे वळवायचं. खारं त्याला चालत नाही. फिटरला फोन लावला. दीड इंची पाइप, दोन एल्बो आणि एक टी आणून ठेवा म्हणाला, कूलरचे दिवस सरले की येतो.