पन्हाळ्यापलीकडचे रॉकेट शिबिर: पैसे भरण्यापूर्वी वाचा

घरी बनवलेल्या मोटरीवर, म्हणजे इंधन भरलेल्या नळीवर, रॉकेट उडवा आणि आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र मिळवा, अशी जाहिरात वाचून कोल्हापुरातील आम्ही काही जण पन्हाळ्यापलीकडे एका खासगी सड्यावर (खडकाळ पठारावर) भरलेल्या निवासी शिबिराला जाऊन आलो. या शिबिराला कोणीही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अजून अंगातील थकवा गेलेला नाही, तरी हे आजच लिहितो आहे, कारण पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू झाल्याचे कळले.

वाघबीळपर्यंत आणि पुढे पन्हाळ्यापर्यंत रस्ता उत्तम आहे. सड्यावर पाणी नाही आणि सावलीही नाही. ते प्रत्येकाने गृहीत धरून निघावे. मुक्काम आणि जेवण यांविषयी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दोराविषयी. पहिल्याच सत्रात आयोजकांनी ‘जे’ (J) वर्गाची, म्हणजे 640 ते 1280 न्यूटन-सेकंद आवेगाची (एकूण धक्क्याची), मोटर उडवणार असल्याचे जाहीर केले आणि प्रेक्षकांसाठीचा दोर उड्डाणदांडीपासून, म्हणजे रॉकेट जिच्यावरून सुटते त्या दांडीपासून, जेमतेम बारा पावलांवर बांधला. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेत याच वर्गाच्या, कारखान्यात बनलेल्या आणि तपासलेल्या मोटरीसाठी माणसांचे किमान अंतर 100 फूट दिले आहे, त्याहून मोठ्या ‘के’ वर्गासाठी 200 फूट आणि ‘एल’ वर्गासाठी 300 फूट. दांडीभोवती 50 फूट व्यासाची जागा पेटणाऱ्या वस्तूंपासून मोकळी हवी, असेही तीच संहिता सांगते. येथे दांडीच्या बुडाशी गुडघाभर वाळलेले गवत उभे होते, आणि आपल्याकडे फाल्गुनात सडा पेटला की वणवा कोठवर जातो हे या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. घरगुती मोटरीची कोणतीही चाचणी झालेली नसते, त्यामुळे तिच्यासाठी हे आकडे माझ्या दृष्टीने अपुरेच आहेत.

एका सहभागीने उद्यमनगरातील लेथवर फार सुबक पोलादी नळी बनवून आणली होती. ती दांडीवरच फुटली. इंधनाच्या कांडीला बारीकशी चीर असली तरी जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, त्याबरोबर नळीतील दाब चढतो, आणि नळी पोलादी असेल तर तिचे धारदार तुकडे होऊन चहूकडे उडतात. म्हणूनच छोट्या रॉकेटच्या संहितेत नाकाडे (टोक), नळकांडे (धड) आणि पंखे (शेपटीजवळचे पर) कागद, लाकूड, प्लास्टिक अशा हलक्या पदार्थांचे असावेत, असा नियम आहे. म्हैसूरच्या फौजेने अठराव्या शतकात लोखंडी नळ्यांचे अग्निबाण वापरले, पण ते शत्रूवर सोडण्यासाठी होते. आमच्या शिबिरातील एक तुकडा दोराच्या अलीकडे, मुले बसली होती त्या सतरंजीजवळ येऊन पडला. कोणाला इजा झाली नाही, एवढेच भाग्य.

त्यानंतरची मोटर पेटलीच नाही, आणि वात विझली असे समजून एक स्वयंसेवक लगोलग तिच्याकडे चालत गेला. वात लावून मोटर पेटवणे हेच मुळात चुकीचे आहे. प्रज्वलन विजेवरच, दुरून आणि बटण सोडताच बंद होणाऱ्या कळीनेच व्हायला हवे. मोटर न पेटल्यास कळीची किल्ली काढून घ्यावी किंवा बॅटरी तोडावी आणि किमान 60 सेकंद कोणालाही पुढे जाऊ देऊ नये.

आता प्रमाणपत्राविषयी. त्यासाठी शिबिराच्या शुल्काव्यतिरिक्त आमच्याकडून माणशी अडीच हजार रुपये घेतले, आणि हाती पडला तो आयोजकांच्याच सहीचा कागद. खरी पद्धत अशी आहे की नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा अशीच दुसरी संस्था ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन यांची पहिली पातळी मिळवण्यासाठी ‘एच’ किंवा ‘आय’ वर्गाच्या, प्रमाणित, विकत घेतलेल्या मोटरीवर उड्डाण करावे लागते आणि रॉकेट पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत खाली उतरावे लागते. दुसऱ्या पातळीला लेखी परीक्षा असते आणि मोटर ‘जे’ ते ‘एल’ वर्गाची लागते. ती पातळी गाठलेल्यालाच ट्रायपोलीच्या संशोधन उड्डाणांत स्वतः बनवलेली मोटर वापरता येते. पहिली संस्था तर घरगुती मोटरीला परवानगीच देत नाही. घरगुती मोटर उडवून पहिल्याच झटक्यात प्रमाणपत्र देणारी व्यवस्था या दोन्ही संस्थांत नाही, त्यामुळे तसे आश्वासन देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

भारतातील कायदा याहून कडक आहे. 1884 च्या विस्फोटक अधिनियमातील व्याख्येत रॉकेटचा उल्लेख नावानिशी आहे, आणि स्फोटके बनवणे, बाळगणे व वाहून नेणे 2008 च्या नियमांनुसार परवान्याच्या कक्षेत येते. परवान्याचे काम पाहणाऱ्या पेसोचे (केंद्राच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे) मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मिरजेकडून रेल्वेने मोटर पिशवीत घालून आलेल्या मुलांना तर हेही कोणी सांगितले नव्हते की रेल्वे अधिनियमाच्या कलम 164 खाली धोकादायक माल गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही ज्यांना हा छंद जोपासायचा आहे, त्यांनी नळकांडे, पंखे, हवाई छत्री आणि उंची मोजणारे यंत्र यांवर मेहनत घ्यावी. त्यात शिकण्यासारखे भरपूर आहे आणि इंधनाला हातही लावावा लागत नाही. कोणत्याही शिबिराला पैसे भरण्यापूर्वी परवान्याची प्रत आणि जिल्हा प्रशासनाचे परवानगीपत्र मागावे, आणि उजळाईवाडीला आता नियमित विमाने उतरत असल्याने विमानतळाला कळवले आहे का, हेही विचारावे. जागेवर पोहोचल्यावर स्वतःच्या टेपने दोराचे अंतर मोजावे. ते 100 फुटांपेक्षा कमी भरले, तर मोटर कोणत्याही वर्गाची असो, मुलांना घेऊन तेथूनच परत फिरावे.