बाराही महिने स्पोर्ट्स कार, कोल्हापुरात

रोजचा रस्ता राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी. सायबर चौक, शाहू नाका, उजळाईवाडी, जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. गाडी पोर्शे ७१८ केमन: दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो, ३०० अश्वशक्ती, पीडीके म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ऑफिस, बाजार, पाहुण्यांकडं जाणं, सगळं हिच्यावरच.

‘थंडीत अशी गाडी कशी चालवता?’ असं पुष्कळ जण विचारतात. हा प्रश्न बर्फाच्या देशातला आहे. तिथं रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो, आणि सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड जाते. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण चौदा-पंधराच्या आसपास असतो. हिवाळी टायरची इथं काही गरज नाही. आपल्याकडं गाडीचा हिवाळा म्हणजे गळीत हंगाम, ऊस कारखान्यांत जायचे महिने, आणि त्याआधीचे पावसाचे चार महिने. गाडीची सगळी तयारी मी या दोन गोष्टींसाठी करतो.

सुरुवात टेपनं करावी. टाकी भरून, दोन माणसं बसवून, सपाट जागेवर गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची मोजा. पुस्तकातला आकडा इथं कामाचा नाही. माझ्या गाडीचा आकडा भरल्यावर १२० मिलिमीटर येतो. आता स्पीडब्रेकर बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. केमनच्या दोन चाकांमधलं अंतर २४७५ मिलिमीटर. गणित केलं तर गाडी माथ्यावर असताना हा उंचवटा दोन चाकांच्या मधे पोटाकडं फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो, आणि पोटाची उंची बारा. म्हणजे नियमानं बांधलेला स्पीडब्रेकर या गाडीला कधीच लागत नाही. लागतो तो गल्लीतल्या पोरांनी रातोरात सिमेंट ओतून केलेला, दोन फूट रुंद आणि सहा इंच उंच. तिथं पंधरा सेंटिमीटर विरुद्ध बारा, हिशेब सरळ आहे. असा स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा: एका वेळी एकच चाक वर चढेल इतका तिरका, पाय ब्रेकवरून उचलून. ब्रेक दाबलेला असला की नाक खाली बसतं आणि नेमकी तीच दोन बोटं कमी पडतात. तिरकं घ्यायलाही जागा नसेल तर रस्ता बदला. माझ्या रोजच्या रस्त्यावरचे असे दोन आहेत, त्यांना वळसा घालायला चार मिनिटं जातात.

बंपरच्या खालच्या ओठासाठी उद्यमनगरात नायलॉनच्या पट्ट्या करून घेतल्या. दहा मिलिमीटर जाड, दोन इंच रुंद, स्क्रूची डोकी आत बसवलेली. घासल्या तर त्याच घासतात, वर्ष-दीड वर्षानं बदलायच्या. काही जण पोटाखाली लोखंडी पत्रा मारून घ्यायला सांगतात. तो मारू नये. खालचं प्लास्टिकचं कव्हर वाऱ्याला वाट द्यायला बनवलेलं असतं, ब्रेकला आणि गिअरबॉक्सला हवा तिथूनच मिळते. शिवाय प्लास्टिक तुटलं तर क्लिपा बदलून भागतं, पत्रा वाकून अडकला तर गाडी उचलूनच न्यावी लागते.

टायरचा विषय मोठा आहे. पुढं २३५/४५ आर १८, मागं २६५/४५ आर १८. स्टेपनी नसते, सोबत पंक्चरचं औषध आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. औषध फक्त घरी पोचण्यापुरतं. ते टायरमध्ये गेलं की पंक्चरवाल्याला आतून सगळं पुसून काढावं लागतं, म्हणून मी डिकीत पंक्चरच्या दोऱ्यांचा किट ठेवतो आणि खिळा टायरच्या मधल्या पट्ट्यात असेल तर आधी दोरी मारतो. बाजूच्या भिंतीला मार असेल तर काहीही करू नका, टायर गेला. खड्ड्याच्या कडेला आपटल्यावर लगेच काही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी भिंतीवर फुगा येतो, कारण आतले धागे तुटलेले असतात. म्हणून जोरात आपटल्यावर आठवडाभर रोज सकाळी हात फिरवून बघायचं. मागच्या चाकांना आतल्या बाजूला कल दिलेला असतो, त्यामुळं टायर आतून आधी झिजतो. बाहेरून तो नवाच दिसतो. महिन्यातून एकदा जमिनीवर आडवं होऊन आतली कड बघायची. हे माप गावात दुकानात तयार मिळत नाही, मागवावं लागतं, तेव्हा जूनची गरज एप्रिलमध्ये ओळखलेली बरी.

चाक बसवताना टायरवाल्याला हवेची गन वापरू देऊ नका. पाचही बोल्ट हातानं लावून टॉर्क रेंचनं १६० न्यूटन मीटर. रेंच मी स्वतःचाच घेऊन जातो. आणि गॅरेजच्या लिफ्टचे हात गाडीखाली शिरत नाहीत, त्यासाठी दोन इंची जाड लाकडी फळ्या सोबत असू द्याव्यात. आधी चाकं फळ्यांवर चढवायची, मग लिफ्ट लावायची.

पाऊस. कायद्यानं टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण मागचा टायर एवढा रुंद की तीन मिलिमीटरच्या खाली तो पाणी कापत नाही, पाण्यावर चढतो. जूनच्या आधी तीनपेक्षा कमी असेल तर बदला, उरलेल्या नक्षीचा लोभ धरू नका. हायवेवर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाऱ्यांत पाणी साठतं, त्या सोडून चाक ठेवायचं. ज्योतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या चढावर वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडू नये. वजन पुढं सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि इंजिन मधे असलेली गाडी फिरली तर भोवऱ्यासारखी झटकन फिरते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर. पीएसएम, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, पावसात कधीच बंद करायची नाही.

साचलेल्या पाण्यात माझा नियम साधा आहे: फूटपाथची कड दिसत नसेल तर गाडी मागं. इंजिननं पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट करू नका, बहुतेक इंजिनं त्या दुसऱ्या स्टार्टलाच जातात. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं कलम वेगळं घ्यावं लागतं. नुसत्या झिरो डेपमध्ये (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारं कलम) पाण्यानं गेलेलं इंजिन सहसा बसत नाही.

पुराचं वेगळं बघावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. आकडा ३९ ला गेला की मी दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी या बाजूला गाडी नेत नाही आणि कुठं लावतही नाही. तिथं नदी दिसत नसली तरी जयंती नाल्यातून पाणी मागं फुगतं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता, तेव्हा पुण्याची सर्व्हिसची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये घेऊच नये. कंपनीचं वर्कशॉप गावात नाही, सव्वादोनशे किलोमीटर जायचं तर पाऊस सरल्यावर जावं. तेल मी पुस्तकातल्या पंधरा हजारांची वाट न बघता आठ हजारांवर बदलतो. दहा किलोमीटरच्या फेरीत कूलंट लवकर तापतं, तेल उशिरा तापतं, आणि थंड तेलात ओल आणि पेट्रोल साठत जातं. म्हणून तेलाचं तापमान ८० अंशांवर गेल्याशिवाय तीन हजार आरपीएमच्या वर नाही, आणि आठवड्यातून एकदा कागलपर्यंत सलग फेरी. या गाडीला तेलाची दांडी नाही. पातळी स्क्रीनवर बघायची, तीही तेल गरम असताना आणि सपाट जागेवर, नाहीतर आकडाच येत नाही.

उंदीर हे पावसाळ्यातलं दुसरं संकट. केमनचं बोनेट उघडलं तर आत सामानाची जागा आणि बॅटरी. इंजिन मागं झाकलेलं, वरून फक्त तेल आणि कूलंट ओतायची तोंडं दिसतात. त्यामुळं घरटं झालेलं कळतच नाही. मी जुलै आणि सप्टेंबरमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन खालचं कव्हर काढून टॉर्चनं बघतो. गाडी रोज चालली तर उंदीर सहसा टिकत नाही. चार दिवस उभी राहिली की येतो. बॅटरीचंही तसंच: आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून ठेवा, तो या गाडीतल्या एजीएम प्रकारच्या बॅटरीला चालणारा हवा. काचेखालच्या खाचेतली पानं बोटानं काढायची. तिथलं पाणी जायचं छिद्र बुजलं की पाणी बॅटरीकडं वळतं.

पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खाली भरत नाही. कमी ऑक्टेनवर इंजिनातली ठकठक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडायला लावतो, इंजिन वाचतं पण ताकद उतरते. इथेनॉलची अडचण मात्र आहेच. गाडीच्या पुस्तकात मुभा १० टक्क्यांची, आणि पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली नेत नाही, पेट्रोल टाकीत महिनाभर पडू देत नाही, आणि दर सर्व्हिसला पेट्रोलच्या नळ्या आणि जोड बघून घेतो.

सामानाचं एक सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. मागची डिकी इंजिनाला लागून आहे, ती तापते. गंगावेशीतल्या कट्ट्यावरून दूध आणलं तर ते पुढच्या डिकीत ठेवा. पुढं १५० लिटर जागा आहे, आठवड्याची भाजी आणि दुधाची किटली आरामात बसते.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. पहिलं काम हवेचं: मे महिन्यात पहाटे पंचवीस अंशांना भरलेली हवा पंधरा अंशांवर दीड-दोन पीएसआयनं उतरते. दाराच्या खांबावरच्या आकड्याप्रमाणं, गाडी थंड असताना, पुन्हा भरायची. दुसरं काम दिव्यांचं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री मागून दिसत नाही. रिफ्लेक्टर उसाच्या मोळ्यांमागं गेलेला असतो, आणि बैलगाडीला तर तोही नसतो. एवढ्या खाली बसून समोरच्याचा प्रकाश थेट डोळ्यांत येतो, तेव्हा काच आतून-बाहेरून रोज पुसायची आणि नदीकाठच्या धुक्यात वेग चाळीसवर आणायचा. ट्रॉलीच्या मागं चिकटून जाऊ नका. पोरं मागून ऊस ओढतात, एखादा रस्त्यावर पडतो, आणि तो आडवा ऊस या गाडीच्या नाकाखाली शिरला तर कव्हरच्या क्लिपा उपटतो. शेतातून ट्रॅक्टर जिथं डांबरावर चढतात तिथं ओला काळा चिखल असतो. त्या जागा पाठ करून ठेवायच्या, तिथं ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर.

फडाची आणि बॉयलरची राख गाडीवर बसते. कोरड्या फडक्यानं पुसली की रंगावर जाळं उमटतं. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू. एअर फिल्टर मी हंगाम संपताच बदलतो, किलोमीटर न बघता.

आणि पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. केमनचे रेडिएटर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, त्यांच्या पुढं एसीचे कंडेन्सर. बंपरची तोंडं उघडी. उडणारं पाचट आत जातं, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतं, पावसात भिजतं आणि ओल धरून ॲल्युमिनियम खातं. आधी एसी थंड करेनासा होतो, मग इंजिन तापायला लागतं. तोंडांच्या आतून सहा मिलिमीटर छिद्राची ॲल्युमिनियमची जाळी लावली आहे. त्याहून बारीक लावू नका, हवा अडते. जाळीनं लांब पाती थांबतात, चुरा जातोच. तो दर पंधरवड्याला व्हॅक्यूमनं ओढायचा.

हंगाम मार्चमध्ये आवरला की एप्रिलमध्ये पुढचा बंपर उतरवतो. माणसं दोन लागतात. आधी बंपरला लागून असलेल्या फेंडरच्या (मडगार्डच्या) कडांना मास्किंग टेप, नाहीतर बंपर सरकताना रंग निघतो. मग चाकाच्या लायनरमधले, खालचे आणि वरचे टॉर्क्स स्क्रू. प्रत्येक जागेचे वेगळ्या डबीत, कारण लांबी वेगवेगळी आहे. दिव्यांचे सॉकेट सोडवल्याशिवाय बंपर ओढू नये. कंडेन्सर पुढं कलता करून मधलं पाचट हातानं आणि मऊ ब्रशनं काढायचं, मग साध्या नळाचं पाणी मागून पुढं. प्रेशर वॉशर नको, रेडिएटरची ॲल्युमिनियमची पातळ पाती दुमडतात. पाण्यात चिखल येणं थांबेपर्यंत धुवायचं. कंडेन्सरवर कुठं तेलकट डाग दिसला तर तिथून गॅस गळतोय असं समजा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं. तो भाग त्याच वेळी बदलून घ्या, बंपर उघडलेलाच आहे. गेल्या एप्रिलला दोन्ही कोपऱ्यांतून मिळून पाऊण बादली पाचट आणि माती निघाली, जाळी असूनही. सगळं वाळलं की जाळी परत घट्ट करून बंपर चढवायचा, नायलॉनच्या पट्ट्यांची जाडी मोजायची, आणि टायरची नक्षी मोजून मागचे टायर मागवायचे की नाही ते त्याच दिवशी ठरवायचं.