जोडीचे सिनेमे

फिल्म क्लबात दोन सिनेमे जोडीने दाखवायचे ठरले की आधी विषय सुचवले जातात: स्त्री, जात, शहर. असल्या पोत्यात काहीही मावतं, मग चर्चाही तितकीच पसरट होते. त्यापेक्षा दोन्हींत असलेली एखादी वस्तू धरावी. न्यायाधीशाची खुर्ची, समजा.

सत्यदेव दुबे यांचा 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). पहिल्यात हौशी नाटकवाले वेळ काढायला अभिरूप खटला रचतात आणि त्यांच्यातल्याच बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्यावर तुटून पडतात. दुसऱ्यात कोर्ट खरं आहे, पण आरोप असा, की लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने जीव दिला.

'शांतता' आधी दाखवावा. क्रम उलटा केला, तर 'कोर्ट'च्या स्थिर, लांबलचक दृश्यांना सरावलेल्या डोळ्यांना बेणारेबाई झालेल्या सुलभा देशपांडे यांचा अभिनय उगाच भडक वाटतो. मध्ये जेवणाची सुट्टी हवीच. आठवडाभराची नको, तेवढ्यात फक्त गोष्ट लक्षात राहते. 'कोर्ट'मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळंच आहे, म्हणून सबटायटल्स चालू ठेवावीत. आणि दिव्याच्या बटनाजवळ सिनेमा आधी पाहिलेला माणूस बसवावा. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. तिथे हमखास कुणीतरी ट्यूबलाइट लावतं. सिनेमा संपलेला नसतो. न्यायाधीश सदावर्तेंची सहल अजून बाकी असते.

(हक्कधारकांची लेखी परवानगी आधीच घ्यावी. घरच्या ओटीटी खात्यावर जाहीर खेळ करता येत नाही.)

चर्चेची सुरुवात 'कसा वाटला?'ने केली, की अर्धा तास कथा सांगण्यातच जातो. त्याऐवजी विचारावं: नोंदीत काय गेलं? 'कोर्ट'मध्ये न्यायाधीश साक्ष स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, तेवढीच उरते. 'शांतता' ज्यावर बेतलाय, त्या विजय तेंडुलकरांच्या मूळ नाटकात बेणारेबाईंचं लांब स्वगत चालू असताना बाकीची पात्रं थिजलेली असतात, म्हणजे ते कुणी ऐकतच नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, की बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून सदावर्ते ज्या बाईचं प्रकरण ऐकतच नाहीत, ती आपोआप चर्चेत येते. तिच्यापाशी गाडी बराच वेळ थांबू द्यावी. कुणी 'पण दुबेंचा सिनेमा म्हणजे नाटकच हो' म्हणालं, तर वाद न घालता बेणारेबाईंचं स्वगत पुन्हा लावावं आणि गोविंद निहलानींचा कॅमेरा कुठे उभा आहे, एवढंच विचारावं.