मार्चची विक्री आणि विजेची युनिटे

बेळगावात एका सनदी लेखापालांकडे बरीच वर्षे वह्या तपासून मग मी कर्जपुरवठ्याच्या कामात आलो, त्यामुळे खानापूर-निपाणीकडची बी.कॉम. झालेली मुले ‘फायनान्समध्ये आमचा निभाव लागेल का’ असे विचारतात, तेव्हा मला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीची फाइल आठवते.

मालकांना विजेवर चालणाऱ्या नव्या इंडक्शन भट्टीसाठी मुदत कर्ज हवे होते. नफा वाढता होता, गुणोत्तरेही चोख होती. पण गुणोत्तरे काय, संगणकही काढतो. मला खटकली ती मार्चची विक्री. शेवटच्या आठवड्यात मोठी बिले फाडली होती, अखेरचा साठा मात्र त्या मानाने उतरला नव्हता, आणि एप्रिलमध्ये त्याच गिऱ्हाइकाच्या नावे क्रेडिट नोटा, म्हणजे बिलाची रक्कम परत वळती करणाऱ्या नोंदी, पडल्या होत्या. माल रिजेक्ट झाला, असे उत्तर मिळाल्यावर मी हेस्कॉम या वीज कंपनीची कन्नड बिले मागवली. टनभर लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिटे लागतात. मार्चची युनिटे फेब्रुवारीइतकीच होती. साठा उतरला नाही, भट्टी जादा चालली नाही, मग विकले काय? “साहेब, मार्च आला की सगळेच करतात की,” मालक म्हणाले.

नुसत्या पंचवार्षिक अंदाजांवर फाइल पुढे ढकलणाऱ्यांना आधी वर्षभर व्हाउचर लावायला बसवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्याकडच्या एमबीए झालेल्या सहकारी बाईंनी मात्र विचारले, “सर, त्यांना हे करावे का लागले?” त्यांनी महिनावार रोखप्रवाह मांडला. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. हे गिऱ्हाईक चार महिने लावत होते. कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या उचलीची, मर्यादा अंदाजित उलाढालीच्या २० टक्क्यांनी ठरत असल्यामुळे, उलाढाल घसरली की तीही कापली जाणार, म्हणून विक्री फुगवलेली. खरी अडचण भट्टीची नव्हतीच, अडकलेल्या उधारीची होती, आणि ती माझ्या तपासणीत कुठेच आली नव्हती, कारण ‘का’ हा प्रश्न वह्यांना कोणी विचारत नाही.

भट्टीचे कर्ज नाकारण्यावर आमचे एकमत झाले. बाईंचे म्हणणे, मालकांना ट्रेड्सवर, म्हणजे लघुउद्योगांची उधारीची बिले वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर, बिले वटवण्याची वाट दाखवावी, कारण तिथे गिऱ्हाइकाने बिल मान्य केल्याशिवाय पैसा सुटत नाही. माझा आक्षेप असा, की मार्चची ती बिले त्याच गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या खरेदी-विवरणात, दिसलीच असणार, तरी ते गप्प बसले. मग त्याच्या मान्यतेला किती वजन द्यायचे? बाईंनी तक्ता पुन्हा उघडला आहे आणि फाइल अजून टेबलावरच आहे.